बेरी शेडची ग्लॉसी लिप पेन्सिल घेण्याआधी ती नीट लावून कशी बघायची

महागडी लिप पेन्सिल घेताना आपण बहुतेक जणी काय करतो, काउंटरवर जातो, मनगटावर दोन रेघा ओढतो, आवडली की कार्ड काढतो, आणि घरी येऊन आरशात बघतो तर रंग वेगळाच. मॅट लिपस्टिकला एकवेळ चालतं हे, कारण ती ओठ पूर्ण झाकून टाकते. ग्लॉसी पेन्सिल तशी झाकत नाही, तिच्यातून खालचे ओठ दिसतात, म्हणजे जो रंग शेवटी दिसतो तो निम्मा पेन्सिलचा आणि निम्मा आपल्या ओठांचा असतो. बेरी शेडमध्ये तर हे फारच जाणवतं, कारण आपल्याकडे बऱ्याच जणींचे ओठ मुळातच थोडे सावळे असतात, वरचा जास्त आणि खालचा कमी. म्हणून एवढे पैसे घालायच्या आधी अर्धा दिवस द्या तिला, खरंच सांगते, फरक पडतो.

तयारी आदल्या रात्रीपासून. ओठांवर साजूक तूप चोळून झोपा, सकाळी ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसून घ्या म्हणजे सालपटं निघून जातात. ग्लॉस सालपटांवर बसला की ती दुप्पट दिसतात, आणि गडद रंगात तर लांबूनही दिसतात. दुकानात जाताना लिपस्टिक लावू नका, आणि जाड लिप बामही नको कारण बामवरून पेन्सिल नुसती घसरते, रंग पकडतच नाही.

काउंटरवर पहिलं काम म्हणजे टेस्टर तुमच्या समोर छिलून घ्यायला सांगायचा. लाजायचं काही कारण नाही, पेन्सिलचा हाच तर फायदा आहे की वरचा थर काढला की आत कोरा भाग मिळतो, लिपस्टिकला तसं होत नाही. छिलल्यावर टोक स्पिरिटने पुसायला लावा, आणि तरीही थेट ओठांवर लावू नका, स्वच्छ इअरबडने किंवा फेकून द्यायच्या ब्रशने रंग उचला आणि मग लावा. टेस्टर छिलून द्यायला नाही म्हणाले तर फक्त बोटावर बघा आणि निघा.

बोटावर म्हणजे बोटाच्या टोकावर, पेराच्या मऊ भागावर. मनगटाची कातडी ओठांपेक्षा फार वेगळी असते, बोटाच्या टोकाला त्यातल्या त्यात ओठांसारखी गुलाबी झाक असते. आणि मग ते बोट घेऊन दुकानाबाहेर या, मॉलमध्ये असाल तर काचेच्या दारापाशी किंवा सरळ पार्किंगपर्यंत जा. आतल्या पिवळ्या दिव्यांत सगळ्याच बेरी शेड छान दिसतात. उन्हात आल्यावर कळतं की ही राणी कलरकडे झुकतेय की वांगी कलरकडे.

हे झुकणं महत्त्वाचं. बेरी म्हणून एकच रंग नाही, आपल्या डोळ्यांना सवयीची फळं घ्या ना. तुतीचा रंग लालसर जांभळा, जांभळाचा निळसर, रातांब्याचा लालभडक आणि खाली काळपट, करवंदाचा तर जवळजवळ काळा. ओठ मुळात गडद असतील तर निळसर जांभळी शेड ग्लॉसमध्ये राखाडी दिसू शकते, तिथे रातांब्यासारखी लाल अंगाची शेड उठून दिसते. ओठ फिकट गुलाबी असतील तर जांभळाकडची शेडही सुंदर दिसते. वरचा ओठ गडद आणि खालचा फिकट असेल तर वरच्यावर एक थर आणि खालच्यावर दोन द्या, दोन्ही सारखे होतात. हे मी माझ्या आईच्या ओठांवर बघितलं. ती पहिल्यांदा म्हणाली, अगं नको, जांभळं खाऊन आल्यासारखी दिसेन, मग एकच थर दिला, बोटाने थोपटला, खिडकीत नेलं, आणि ती बराच वेळ आरसा धरून बसली होती. हिरव्या इरकलीवर इतका खुलला तो रंग की त्या दिवशी तिने टिकलीही मरून लावली.

लावायची पद्धत सोपी आहे पण घाई नको. आधी टोकाच्या कडेने वरच्या ओठाच्या मधल्या खाचेपासून दोन छोट्या तिरक्या रेघा, मग खालच्या ओठाच्या मध्यापासून बाहेर, आणि कोपऱ्यांपर्यंत पूर्ण जायचं नाही, थोडं अलीकडे थांबायचं कारण ग्लॉस बोलताना आपोआप पसरतो. मग पेन्सिल आडवी धरून आतला भाग भरा. पहिला थर टिश्यूने टिपा, मग दुसरा फक्त मध्ये. टिपल्याने चमक थोडी कमी होते पण रंग टिकतो, आणि वरचा थर चमक परत देतो. ओठांच्या कडेला बारीक रेषा असतील तर ग्लॉस त्यातून वर चढतो, त्यासाठी कडेने आपल्या ओठांच्याच रंगाचं कोरडं लायनर आधी ओढून घ्या, बेरी रंगाचं नको, नाहीतर दोन तासांनी ग्लॉस जातो आणि नुसती गडद चौकट उरते.

आता खरी परीक्षा. लावल्यावर लगेच विकत घेऊ नका, खाली जा, चहा प्या, वडापाव खायचा तर तोही खा. ग्लॉसकडून सहा-आठ तासांची अपेक्षाच ठेवू नका, दोन-तीन तास नीट राहिला तर चांगला म्हणायचा. बघायचं ते असं की जाताना कसा जातो. सगळीकडून सारखा फिकट होत गेला तर उत्तम, मधून गेला आणि कडेला राहिला तर रोज वैताग येईल. वाऱ्यात केस चिकटतात का तेही बघा, स्कूटीवर जाणाऱ्यांनी तर नक्की.

आणि एक, तासाभराने रंग बदलून गुलाबी झाला तर घाबरू नका. पाकिटावर सीआय ४५४१० (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलेलं असेल तर तो रंग ओठांवर आल्यावर गुलाबी होतो आणि डागासारखा मागे राहतो. काहींना हे आवडतं कारण ग्लॉस गेला तरी ओठ रंगलेले दिसतात, मला स्वतःला आवडतं, पण ज्यांना जांभळटच हवंय त्यांनी हा आकडा बघूनच ठरवा.

दुसरा आकडा आहे सीआय ७५४७०, म्हणजे कारमाइन. हा लाल रंग कोचिनील नावाच्या, निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात आणि बेरी, लाल, गुलाबी शेडमध्ये बऱ्याचदा असतो. माझी एक जैन मैत्रीण वर्षानुवर्षं असा रंग लावत होती आणि तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कळल्यावर तिला फार वाईट वाटलं. ओठांवरचं थोडं का होईना पोटात जातंच, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनी हे पहिल्यांदा वाचा. मेणही बघा, मधमाशीचं आहे की कॅन्डेलिलासारखं झाडाचं. बाकी यादीत एरंडेल तेल दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, ओठांच्या बऱ्याच उत्पादनांत ते असतंच, चमक आणि घसरण त्याच्यामुळे येते.

माझ्याकडची पेन्सिल नार्सची आहे, मावसबहिणीने बाहेरून आणलेली. फ्रान्स्वा नार्स यांनी १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नीज या मोठ्या दुकानात १२ लिपस्टिक मांडून सुरुवात केली आणि २००० पासून ब्रँड जपानच्या शिसेइडोकडे आहे. असा बाहेरचा माल इथे घेताना पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे ना ते बघाच, नुसतं स्वस्त मिळतंय म्हणून ऑनलाइन कुठूनही घेऊ नका, ओठांचा प्रश्न आहे. वजनही वाचा. लिपस्टिक साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते, जाड पेन्सिल बहुतेक वेळा त्याहून कमी, आणि त्यातलं काही शार्पनरमध्ये जातं. फिरवून वर येणारी असेल, क्लिनीक (Clinique) ब्रँडच्या चबी स्टिकसारखी, तर छिलायचा प्रश्नच नाही, पण मग टोक बोथट राहतं आणि कडा इतक्या नेमक्या येत नाहीत. मला लाकडीच आवडते.

लाकडी घेतली तर छिलायचं कसं ते शिकून घ्या. माझं पहिलं टोक मे महिन्यात दुपारी छिलताना सरळ मोडून पडलं, जवळजवळ अर्धा सेंटीमीटर, आतला गाभा लोण्यासारखा झाला होता. तेव्हापासून छिलायच्या आधी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवते, डीप फ्रीजरमध्ये नाही. शार्पनर मोठ्या भोकाचा, शाळेच्या पेन्सिलचा चालत नाही. पेन्सिल स्थिर धरायची आणि शार्पनर फिरवायचा, दोन-तीन वेढे बस्स, लाकडाची साल एकसलग निघाली पाहिजे, तुकडे पडले तर पातं बोथट झालंय. नंतर पातं स्पिरिटच्या कापसाने पुसा, त्यात अडकलेला मेणकट रंग पुढच्या वेळी गाभा ओढतो. टोपण घट्ट लावा आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कधी ठेवू नका.

पाकिटावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात महिन्यांचा आकडा, म्हणजे उघडल्यापासून तेवढेच महिने. मी टोपणावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहिते, कारण पाकीट तर पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात जातं.