रेसिटेटिव्ह गाताना या चुका टाळा

ऑपेरा शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं, हवी असते. दोन आरियांमधलं बोलल्यासारखं गाणं, म्हणजे रेसिटेटिव्ह, ‘ते काय, होऊन जाईल’ म्हणून बाजूला पडतं. आणि गोष्ट तर तिथेच पुढे सरकत असते!

सगळ्यात मोठी चूक मात्रा मोजण्याची. ‘सेक्को’ रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे साथीला फक्त हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं कीबोर्ड वाद्य) आणि चेलो असतात तिथे, कागदावर चार-चार मात्रा आखलेल्या असतात. पण सूर किती धरायचा हे वाक्य ठरवतं. एका नाताळात हँडेलच्या ‘मसाया’ला, म्हणजे येशूवरच्या त्याच्या संगीतरचनेला, मी कीबोर्डवर साथ करत होतो. मेंढपाळ रात्री कळप राखताहेत, हा चिमुकला भाग एका नवख्या सोप्रानोकडे, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या मुलीकडे, होता. पोरीने तो मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय मोजणारं यंत्र, लावून घोटलेला. प्रत्येक अक्षर एका मापाचं, मेंढपाळांची हजेरी घेतल्यासारखं. मग एका जागी ती माझ्या कॉर्डसाठी (एकत्र वाजणाऱ्या सुरांसाठी) थांबली आणि मी तिच्या शब्दासाठी. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, तेव्हा मीच कॉर्ड दाबून टाकली. पुढच्या तालमीत तिच्याकडून तो मजकूर दहा वेळा नुसता बोलून घेतला, शेजारणीला खबर द्यावी तसा. अकराव्या वेळी सूर दिले. मेट्रोनोम अजून माझ्या कपाटात आहे.

उलट टोकही नको. बोलायच्या नादात सूर पुटपुटू नका.

वाद्यवृंद सोबत असेल तर एवढी मोकळीक मिळत नाही. येशूच्या मृत्यूची कथा सांगणाऱ्या बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये येशूच्या शब्दांमागे तंतुवाद्यं असतात, क्रुसावरच्या ‘एली, एली’ (माझ्या देवा, माझ्या देवा) या हाकेला ती गप्प होतात. तोवर कंडक्टरकडे बघा.

‘छापलंय तेवढंच गाणार’ हा हट्ट मला विशेष खुपतो. हँडेल-मोत्झार्टमध्ये वाक्याच्या शेवटी एकाच सुराची जोडी दिसली आणि जोर पहिल्या अक्षरावर असला, की तो पहिला सूर बहुधा एक पायरी वरून घ्यायचा. याला ॲपोजियाटुरा म्हणतात. तेव्हाच्या गायकांना हे ठाऊकच असायचं, म्हणून लिहीत नसत.

आणि शब्द. ‘उच्चार यूट्यूबवरून उचलले’ असं मला सांगू नका. इटालियनमध्ये ‘फातो’ म्हणजे नशीब, ‘फात्तो’ म्हणजे केलेलं. माझ्याकडे प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहावा लागतो, तोही पेन्सिलीने. पहिल्या खेपेला निम्मे अर्थ खोडावे लागतात.