गोल बैठक वेताने विणायची आहे? भोके आखताना या चुका टाळा

वाफेवर वाकवलेल्या लाकडाची गोल बैठक आणि तिच्यावर वेताची जाळी ही रचना मिखाएल टोनेट यांच्या १८५९ मधील १४ क्रमांकाच्या खुर्चीमुळे जगभर पोहोचली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतील वाकवलेल्या लाकडाच्या जुन्या खुर्च्या त्याच कुळातील आहेत. अशा खुर्चीचे बैठकीचे कडे भोकांच्या ओळीत तडकले की नवे कडे करावे लागते, आणि भोके कोठे पाडायची हे विणणाऱ्यालाच ठरवावे लागते. लाकडाच्या सरळ पट्ट्यांच्या चौकटीत आखणी थोडी चुकली तरी ती विणीत सामावून घेता येते. गोल कड्यात मात्र एका भोकाची चूक थेट समोरच्या बाजूला जाऊन दिसते.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे कड्याच्या आतल्या काठावर अंतरे मोजणे. भोके काठावर नसतात, काठापासून साधारण १२ मिमी बाहेर असतात, म्हणून मोजमापही त्याच रेषेवर व्हायला हवे. आतला व्यास ३३० मिमी असेल, तर भोकांच्या रेषेचा व्यास ३५४ मिमी आणि परिघ सुमारे १११२ मिमी होतो. दोन भोकांमध्ये १२.५ मिमी अंतर ठेवायचे ठरवून ते आतल्या काठावर मोजले आणि खुणा बाहेर सरकवल्या, तर प्रत्यक्ष भोकांमधील अंतर १३.४ मिमी होते आणि जाळी ठरवल्यापेक्षा विरळ होते. म्हणून आधी भोकांची रेषा पेन्सिलने पूर्ण काढावी आणि तिच्यावरच काम करावे.

दुसरी चूक गणिताची आहे. १११२ ला १२.५ ने भागल्यावर सुमारे ८९ येतात, आणि अनेक जण तेवढीच भोके पाडतात. एकूण संख्येला ४ ने भाग गेला पाहिजे, कारण पुढचा, मागचा, डावा आणि उजवा असे चारही मध्यबिंदू भोकांवरच पडायला हवेत. वेताची पहिली उभी आणि पहिली आडवी पट्टी तेथूनच निघते. येथे ८८ भोके घ्यावीत, म्हणजे अंतर १२.६४ मिमी होते आणि हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. एका खुणेपासून निघून कर्कटकाने पूर्ण फेरी मारणेही टाळावे. प्रत्येक पावलात ०.१ मिमीची चूक झाली, तर ८८ पावलांनंतर ती ८.८ मिमी होते आणि शेवटचे अंतर वेडेवाकडे उरते. आधी चार मध्यबिंदू पक्के करून प्रत्येक चतुर्थांशात २२ अंतरे स्वतंत्रपणे बसवली, तर चूक तेथेच सापडते आणि कर्कटक किंचित आवळून किंवा सैल करून ती दुरुस्त करता येते.

तिसरी चूक हुशार माणसांकडूनही होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. उभ्या पट्ट्या समांतर हव्यात या विचाराने काही जण कागदावर चौकोनी जाळी आखतात आणि तिच्या रेषा कड्याला जेथे छेदतात तेथे भोके पाडतात. उभ्या आणि आडव्या रेषांचे छेद काही ठिकाणी एकमेकांना चिकटतात, काही ठिकाणी लांब पडतात. चिकटलेल्या भोकांमधले लाकूड पुढे तडकते. भोके परिघावर समान अंतरानेच हवीत. समांतरपणा विणताना सांभाळायचा असतो. पुढच्या मध्यापासून ६० अंशांवर आल्यावर शेजारच्या दोन भोकांमधील आडवे अंतर निम्मे होते, त्यामुळे तेथे उभ्या पट्टीसाठी एक आड एक भोक सोडावे लागते. सोडलेले भोक वाया जात नाही. आडव्या किंवा तिरप्या पट्ट्यांना त्याचा उपयोग होतो. बाजूला पट्ट्यांची गर्दी झाली असेल, तर आखणी चुकली असे समजण्यापूर्वी कोणतेही भोक न सोडता विणले गेले आहे का, हे पाहावे.

वेताच्या रुंदीचा विचार आखणीपूर्वीच करावा. २ मिमी पट्टीसाठी सुमारे ३ मिमीचे भोक आणि ९.५ मिमी अंतर चालते, २.२५ मिमीसाठी ५ मिमी आणि १२.५ मिमी, २.५ मिमीसाठी ५ मिमी आणि १६ मिमी, तर ३ मिमीसाठी ६ मिमी आणि १९ मिमी ठेवावे. भोक लहान ठेवले तर शेवटच्या तिरप्या फेऱ्या आणि भोके झाकणारी काठाची पट्टी त्यात शिरत नाहीत.

ड्रिल लावण्यापूर्वी कडे उलटे करून पायांचे सांधे आणि स्क्रू कोठे येतात ते पाहावे. एखादी खूण सांध्यावर येत असेल, तर एकच भोक सरकवू नये. चारही मध्यबिंदूंसह सगळी आखणी थोडी फिरवून पाहावी, आणि पाय ठरलेल्या जागीच बसवायचे असल्यामुळे ते शक्य नसेल, तर तेवढे भोक आरपार न पाडता बंद ठेवावे व पट्टीचे टोक त्यात गोंदाने बसवावे. प्रत्येक खुणेवर आधी टोच्याने खळगा करावा आणि खाली टाकाऊ फळी धरावी, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या उडत नाहीत. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने बोथट केल्या नाहीत, तर ओल्या वेताच्या पट्ट्या तेथेच कापल्या जातात.

भोके पाडून झाल्यावर मागचा मध्य दोन भोकांच्या मधोमध आलेला दिसला, तर पट्टी तिरकी ओढून वेळ मारून नेऊ नये. त्या बाजूची सात-आठ भोके त्याच लाकडाच्या गोल खुंट्यांनी गोंद लावून बुजवावीत, गोंद पूर्ण वाळू द्यावा, पृष्ठभाग कानशीने सपाट करावा आणि तेवढा भाग मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना नव्याने आखावा. नवे भोक जुन्या खुंटीच्या काठावर येत असेल, तर बारीक ड्रिलने सुरुवात करून ते टप्प्याटप्प्याने मोठे करावे.