घरचा बार लावताय? आधी या चुका टाळा

घरी बार करायचा ठरला की लोक आधी कपाट बघतात, मग कपाटात दिवे लावतात आणि मग त्या दिव्यांखाली ठेवायला बाटल्या जमवत सुटतात. पाहुणे येतात, "वा, काय कलेक्शन आहे!" म्हणतात आणि अर्ध्या तासात कोमट सोड्याचा ग्लास हातात धरून कोपऱ्यात उभे राहतात. हे इतक्या घरांत पाहिलंय की आता कुणी नव्या बारचे फोटो दाखवायला लागलं की मी म्हणते, "बाटल्या राहू दे, फ्रीझर दाखव."

बर्फ शेवटी आठवणं

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी चूक.

मैत्रिणीच्या नवऱ्याने नव्या घरात पार्टी दिली होती. कित्येक महिने खपून जमवलेल्या सिंगल माल्ट कपाटात रांगेने उभ्या, प्रत्येकीची कुंडली त्याला तोंडपाठ. माणसं पंचवीसेक आणि बर्फाचे ट्रे दोन. पहिल्या फेरीतच ट्रे रिकामे झाले. गडी डगमगला नाही. त्याने ट्रे पुन्हा भरून आत ठेवले आणि दर दहा मिनिटांनी दार उघडून "झाला का?" बघत राहिला. तसं केल्यावर बर्फ होतो कशाला! मग फ्रीझरच्या तळाशी एक जुनी पिशवी सापडली. त्यातले खडे सरळ ग्लासांत गेले. एका वयस्कर काकांनी ग्लास नाकाशी नेला, क्षणभर थांबले आणि अगदी सभ्यपणे तो खिडकीतल्या कुंडीमागे ठेवून दिला. त्या पिशवीशेजारी मासळी ठेवलेली होती. यजमान तेव्हा ती व्हिस्की कुठल्या पिंपात मुरली ते रंगून सांगत होते.

हिशोब असा: माणशी किमान अर्धा किलो बर्फ. हवा गरम असेल, कॉकटेल करणार असाल किंवा बाटल्याही बर्फातच गार करायच्या असतील, तर माणशी किलोभर. घरच्या साध्या ट्रेमध्ये पाव किलोच्या आसपास बर्फ होतो. म्हणजे दहा माणसांना वीस ट्रे लागतात. ते एका संध्याकाळी होत नाही. मी तीन-चार दिवस आधीपासून ट्रे भरते, गोठले की झिपच्या पिशवीत ओतते, पिशवी घट्ट बंद करते आणि ट्रे पुन्हा भरते. घट्ट बंद अशासाठी की बर्फ फ्रीझरमधले वास ओढून घेतो. महिनाभर पडलेला बर्फ टबात, बाटल्यांभोवती घाला, ग्लासात नको.

"बर्फ कमी घाल, पाणचट होईल" असं सांगणारा एक तरी पाहुणा असतोच. त्याचं ऐकू नका. दोनच खडे घातले तर पेय गार करता करता तेच विरघळून जातात. ग्लास भरून बर्फ असला की पेय चटकन गार होतं आणि गार राहतं. खडा मोठा असेल तर आणखी चांगलं, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असतो आणि तो सावकाश वितळतो.

आणि कृपा करून काचेच्या ग्लासने बर्फ उपसू नका. काठाचा टवका उडाला तर बर्फात काच शोधता येत नाही, सगळी बादली फेकावी लागते. चिमटा किंवा धातूचा डाव ठेवा. त्या पार्टीत मी स्वतः हाताने बर्फ घालणारेही पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलायचं!

व्हर्मुथ कपाटात उभी करणं

व्हर्मुथ ही वाइन आहे. वनस्पतींनी सुगंधी केलेली, थोडा मद्यार्क घालून बळकट केलेली, पण वाइनच. तिच्यात मद्यार्क साधारण १५ ते १८ टक्के असतो आणि तेवढ्यावर उघडी बाटली टिकत नाही. हवा लागली की ती उतरायला लागते. लोक मात्र तिला जिनच्या शेजारी, दिव्याखाली, वर्षानुवर्षं उभी ठेवतात.

एका गृहस्थांना मार्टिनी, म्हणजे जिन आणि व्हर्मुथचं कॉकटेल, आवडत नाही. आवडत नाही म्हणजे करून पाहतात, तोंड वाकडं करतात आणि जिनला दोष देतात. मग पुढच्या वेळी आधीपेक्षा महागडी जिन येते. एकदा मी त्यांची व्हर्मुथ उजेडात धरून पाहिली. पांढरी म्हणून घेतलेली बाटली चहाच्या रंगाची झाली होती. कधी उघडली विचारलं तर म्हणाले, "धाकट्याच्या लग्नात." धाकट्याचा मुलगा आता शाळेत जातो! रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय?

उपाय सोपा आहे. मिळाली तर ३७५ मिलीची अर्धी बाटली घ्या. उघडलेल्या दिवशी मार्करने लेबलवर तारीख टाका. फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. संपत नसेल तर तुमच्या घरी व्हर्मुथची गरज नाही, इतकं मान्य करा. फिनो शेरी ही अशीच बळकट केलेली स्पॅनिश वाइन त्याहून नाजूक, उघडल्यावर जेमतेम आठवडाभर. क्रीम लिकरवर (लिकर म्हणजे गोड, सुगंधी मद्य) तारीख छापलेली असते. ती वाचायची असते.

व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांची गोष्ट वेगळी. ४० टक्क्यांची बाटली खराब होत नाही, फ्रिजही लागत नाही. पण बाटलीत ती मुरतही नाही. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात दहा वर्षं ठेवली तरी बाराच वर्षांची राहते. उलट तळाशी थोडी उरली आणि वर नुसती हवा असली की हळूहळू तिचा सुगंध जातो. "खास प्रसंगासाठी" म्हणून चतुर्थांश बाटली जपणाऱ्यांना माझं सांगणं एकच, पुढच्या शनिवारी संपवा. बुचाची व्हिस्की उभी ठेवा, आडवी ठेवली तर कडक मद्यार्क बूच खातो. बुचाची वाइन मात्र आडवी. आणि दोन्ही उन्हापासून लांब. ती सुंदर खिडकी बारसाठी नाही.

शिशाच्या क्रिस्टलचा डिकँटर, म्हणजे मद्य वाढायची नक्षीदार काचेची सुरई, वारशाने आला असेल तर त्यातून पाहुण्यांना वाढा, पण त्यात साठवू नका. शिसं मद्यात उतरतं, आणि जितके दिवस राहील तितकं जास्त.

एका फेरीत सगळं विकत घेणं

इंटरनेटवरची 'घरच्या बारसाठी अत्यावश्यक पंचवीस बाटल्या' असली यादी छापून दुकानात जाणारी माणसं मला दिसली की त्यांच्या हातातून कागद काढून घ्यावासा वाटतो. त्या यादीतली निळी लिकर तुम्ही एकदा वापराल. नव्याची नवलाई नऊ दिवस, पुढे ती धूळ खात बसते.

आधी आपल्याला नीट करता येतील अशी दोन पेयं ठरवा. दोनच. त्यांना जे लागतं ते घ्या. त्याखेरीज तुमच्या माणसांना आवडणारी एक व्हिस्की, एक रम किंवा व्होडका, थोडी बिअर, थोडी वाइन. तीन-चार पार्ट्या झाल्यावर कुणी काय मागितलं ते आठवून एक बाटली वाढवा. लिकर चाखून बघायची असेल तर छोटी ५० मिलीची बाटली मिळते, ती आणा.

किती आणायचं? पहिल्या तासात माणशी दोन, नंतर तासाला एक, असा माझा ठोकताळा. दहा माणसं तीन तास बसली तर चाळीस पेयं होतात. ४५ मिलीचं माप धरलं तर १,८०० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या जवळपास अडीच बाटल्या. त्यात कुणी बिअर घेईल, कुणी घेणारच नाही, त्यामुळे हा आकडा वरचाच आहे.

मद्य पुरतं, सोडा आणि टॉनिक वॉटर संपतं. एक भाग मद्याला तीन भाग सोडा धरला तर एका बाटलीला सव्वादोन लिटर लागतं. दोन लिटरच्या बाटल्या घेऊ नका. अर्धी होईपर्यंत तिच्यातला जीव जातो. छोट्या घ्या, आणि आधीपासून गार करा. गार पाण्यात वायू जास्त टिकतो. कोमट सोडा बर्फावर ओतला की फसफसून मोकळा होतो.

न पिणाऱ्यांना विसरणं

बाकीच्यांना नाजूक ग्लास आणि न पिणाऱ्याला कागदी कपात कोला. वर "थोडी तरी घे, काही होत नाही." हे ऐकलं की मला यजमानालाच बाहेर काढावंसं वाटतं. नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. औषध चालू असेल, गोड बातमी असेल, नुसतंच नको असेल. आपल्याला काय करायचंय? त्याच ग्लासात, तितक्याच बर्फावर, ताजं लिंबू पिळून काहीतरी छान द्या.

इथे एक फसवी जागा आहे. बिटर्सचे, म्हणजे वनस्पतींच्या कडवट अर्काचे, चार थेंब टाकून "हे बिनदारूचं" म्हणून देतात. अँगोस्तुरा या प्रसिद्ध बिटर्समध्ये मद्यार्क ४४.७ टक्के असतो. थेंबच असतात हे खरं, पण पूर्ण वर्ज्य करणाऱ्याला ते सांगितलंच पाहिजे.

पाण्याचा जग समोर ठेवा, मागावा लागू नये. आणि कोण गाडी घेऊन येणार, कोण कसं परत जाणार, हे निमंत्रण देतानाच विचारा. कडक कॉफीने नशा उतरत नाही, माणूस फक्त जागा राहतो. यकृत आपल्याच चालीने काम करतं, त्याला घाई माहीत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

अंदाजाने ओतणं: रुंद तळाच्या ग्लासात साठ मिली अगदी गरीब दिसतात, म्हणून यजमानाचा हात सैल सुटतो. जिगर, म्हणजे मद्य मोजायचं छोटं माप, घ्या आणि पाहुण्यासमोर मोजा. कंजूसपणा वाटतो म्हणणाऱ्यांना वाटू द्या. आपण किती घेतली हे पाहुण्याला कळायलाच हवं. आंबट-गोड कॉकटेलची चव मापानेच जमते. ६० मिली मद्य, ३० लिंबूरस आणि जरा हात आखडून पाक, इथून सुरुवात करा.

बाटलीतला लिंबूरस: नाही. ताजा, त्याच दिवशी काढलेला. पाक मात्र आधी करून ठेवा, साखर आणि पाणी समसमान. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे राहतो.

शेकरमध्ये सोडा किंवा बिअर घालून हलवणं: झाकण छताला, बाकीचं भिंतीला. फसफसणारं नेहमी शेवटी, ग्लासातच.

शॅम्पेन फ्रीझरमध्ये विसरणं: ती फुटू शकते. घाई असेल तर टबात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, वीस-पंचवीस मिनिटांत बाटली गार होते. नुसता बर्फ घालू नका, पाणी नसेल तर तो बाटलीला सगळीकडून भिडतच नाही. उघडताना बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. बूच उडवून टाळ्या घेण्याची हौस असेल तर घराबाहेर जा.

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला': ते तापमान १६ ते १८ अंश, तुमच्या बैठकीच्या खोलीचं नव्हे. खोली उबदार असेल तर वाढण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

ग्लासांचे आठ प्रकार: उंच, बुटका आणि दांडीचा, हे तीन पुरतात. पण संख्या माणसांच्या दीडपट ठेवा, कारण अर्धे लोक आपला ग्लास कुठे ठेवला हे विसरतात. बिअरचा फेस लगेच बसत असेल तर बिअरला नाही, ग्लासाला दोष द्या. त्याला तेलकटपणा राहिलाय.

यजमानच बारमागे अडकणं: हे तर मला बघवतच नाही. पाहुणे गप्पा मारतात आणि हा बिचारा तासभर लिंबं पिळतो. न हलवता नुसतं ढवळून करायची कॉकटेल आधीच बाटलीत भरून ठेवा. दहा नेग्रोनी करायच्या तर जिन, लाल गोड व्हर्मुथ आणि कांपारी (लाल, कडवट इटालियन लिकर) प्रत्येकी ३०० मिली, आणि वर साधारण २०० मिली पाणी. पाणी ऐकून नाक मुरडू नका. ढवळताना बर्फातून तेवढं येतंच, इथे ते आपण आधी घातलं. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि पाहुणा आला की बर्फावर ओता. लिंबाची कॉकटेल मात्र अशी आदल्या दिवशी करू नका.

पाहुणे गेल्यावर लिकरच्या बाटल्यांची तोंडं ओल्या फडक्याने पुसून मगच झाकणं लावा. एरवी साखर सुकून झाकण असं चिकटतं की पुढच्या वेळी तिघांनी जोर लावला तरी हलत नाही. चिकटलंच असेल तर पक्कड आणू नका. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं मिनिटभर झाकणाभोवती गुंडाळून ठेवा, सुटतं.