डिस्क भरलेली दिसते, पण फाइली सापडत नाहीत: या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवर ‘डीएफ’ कमांड पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) जवळजवळ भरल्याचे दाखवते आणि ‘डीयू’ या दुसऱ्या कमांडची बेरीज मात्र त्याच्या निम्मीही होत नाही, तेव्हा हाताला लागतील त्या फाइली पुसत सुटणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. डीएफ फाइलसिस्टीमलाच, म्हणजे डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या यंत्रणेलाच, वापरलेल्या ब्लॉकचा (जागेच्या ठरावीक तुकड्यांचा) हिशेब विचारते, तर डीयू डिरेक्टरींमधून फिरून जी नावे दिसतील तेवढ्यांचीच बेरीज करते. म्हणून दोन्ही आकड्यांतला फरक नाव उरले नसलेल्या किंवा नाव झाकल्या गेलेल्या फाइलींचा असण्याची शक्यता मोठी असते. अर्थात डीयू रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आणि ‘एक्स’ या त्याच फाइलसिस्टीमपुरती बेरीज करणाऱ्या पर्यायासह चालवली आहे ना, हे आधी पाहावे; साध्या वापरकर्त्याला बंद असलेल्या डिरेक्टरी त्या बेरजेत येतच नाहीत.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली लॉग (नोंदींची) फाइल ‘आरएम’ कमांडने पुसणे. आरएम फक्त नाव काढते; प्रोग्रॅमने फाइल धरून ठेवली असेपर्यंत कर्नल (सिस्टीमचा गाभा) तिचे ब्लॉक मोकळे करत नाही, उलट प्रोग्रॅम त्याच अदृश्य फाइलीत लिहीत राहतो आणि जागा आणखी घटत जाते. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ कमांडला अधिक चिन्ह, मोठा एल आणि १ असा पर्याय दिला, की अशा फाइली व त्यांना धरून बसलेल्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) समोर येतात. ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते. त्यासाठी अख्खा सर्व्हर रीबूट करणे अनावश्यक आहे, शिवाय रीबूटनंतर कारणाचा मागही पुसला जातो. सेवा थांबवणे शक्य नसेल, तर चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’मधील त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ (उघड्या फाइलींच्या) डिरेक्टरीतून फाइल शून्य आकाराची करता येते. मात्र हा उपाय केवळ लॉगसाठीच वापरावा. मायएसक्यूएलसारखे डेटाबेस स्वतःच्या तात्पुरत्या फाइली मुद्दाम नावाशिवाय उघड्या ठेवतात आणि त्या रिकाम्या करणे म्हणजे चालू व्यवहारांशी खेळणे होय. यापुढे लॉग पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट’ कमांडने रिकामा करावा आणि लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग बाजूला करून नवे सुरू करणाऱ्या साधनात) फिरवणीनंतर सेवेला नवी फाइल उघडण्याचा संकेत जातो का, हे तपासावे.

एलएसओएफमध्ये काहीच आढळले नाही, तर माउंट पॉइंटकडे, म्हणजे दुसरी डिस्क जिथे जोडली (माउंट केली) जाते त्या डिरेक्टरीकडे, वळावे. बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना रात्रीचे बॅकअपचे काम चालले, तर सगळा डेटा त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मूळ पार्टिशनवरच उतरतो. नंतर डिस्क माउंट झाली की तो तिच्याखाली झाकला जातो. मूळ फाइलसिस्टीम दुसऱ्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘बाइंड’ माउंट करून (तीच फाइलसिस्टीम आणखी एका जागी दाखवून) तेथे डीयू चालवावी, म्हणजे झाकलेल्या फाइली चालू डिस्कला धक्का न लावता दिसतात. त्यांतले काय हवे आहे याची खात्री केल्याशिवाय त्या पुसू नयेत, कारण त्या रात्रीचा एकमेव बॅकअप कदाचित तोच असेल.

उपलब्ध जागा अपेक्षेपेक्षा कमी दिसण्याचे आणखी एक कारण म्हणजे राखीव जागा: लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम साधारणपणे ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवते, म्हणजे १ टीबीवर सुमारे ५० जीबी. ही जागा वापरलेल्यांत मोजली जात नाही, पण उपलब्ध जागेतून वजा होते. केवळ डेटासाठी असलेल्या पार्टिशनवर ‘ट्यून२एफएस’ कमांडने हे प्रमाण १ टक्क्यावर आणण्यास हरकत नाही, रूट पार्टिशनवर (जिथे सिस्टीम स्वतः असते) मात्र ते तसेच राहू द्यावे, कारण डिस्क भरल्यावर सिस्टीमच्या आवश्यक सेवांना तोच आधार असतो. जागा शिल्लक दिसूनही नवी फाइल तयार होत नसेल, तर ‘डीएफ’ला ‘आय’ पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी) संपले आहेत का ते पाहावे.

माउंटची चूक पुन्हा होऊ नये यासाठी डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला ‘सीएचएटीटीआर’ कमांडने अपरिवर्तनीय करून ठेवावे, मग डिस्क नसेल तेव्हा बॅकअप मूळ पार्टिशन गुपचूप भरत न बसता लगेच त्रुटी दाखवून थांबेल.