महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर

महाराष्ट्रातील रहिवासी विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शुल्कात मिळणारी सवलत महाडीबीटी, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती व अनुदान योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवरील अर्जातून मिळते. प्रत्यक्ष अर्ज तासाभरात भरून होतो. त्यासाठी लागणारे दाखले हाती यायला मात्र कित्येक आठवडे जातात, म्हणून बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता कागदपत्रांच्या मागे लागावे, असे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात काम करताना मला वारंवार सांगावे लागते.

प्रथम आपण कोणत्या योजनेत बसतो ते ठरवावे. खुल्या प्रवर्गातील ज्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ज्याचा प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झाला आहे, त्याच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत म्हणतात ती हीच. तीत शिक्षण व परीक्षा शुल्काच्या निम्म्या रकमेची प्रतिपूर्ती होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, उत्पन्नाची तीच मर्यादा ठेवून, 2024-25 पासून शंभर टक्के लाभ मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्यांना हा लाभ नाही, आणि हे पुष्कळ पालकांना प्रवेश घेऊन झाल्यावर कळते, याचे मनापासून वाईट वाटते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे; उत्पन्न त्याहून अधिक असल्यास त्यांनी फ्रीशिपचा, म्हणजे शुल्कमाफीचा अर्ज करावा. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर यांची मुले वसतिगृहात राहत असतील, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेकडेही लक्ष द्यावे.

दाखल्यांत अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे दोन मुख्य. दोन्ही सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतात. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षासाठी ग्राह्य आहे ना, हे त्यावरील आर्थिक वर्ष वाचून पाहावे. प्रवर्गानुसार जातीचा दाखला, जात वैधता व नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र, तसेच कॅपचे वाटपपत्र, शुल्काची पावती, मागील गुणपत्रिका, शिधापत्रिका आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र जवळ असावे.

सर्वांत जास्त घोळ बँक खात्यात होतो. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि अनुदान जमा होण्यासाठी ते खाते आधारशी सीड केलेले असणे, म्हणजे आधारवर येणारी रक्कम याच बँकेत जमा व्हावी अशी नोंद असणे वेगळे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने गावच्या शाखेचे पासबुक समोर ठेवले होते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली, तर तेथे दुसऱ्याच बँकेचे नाव. शाळेत असताना उघडलेले ते खाते केव्हाच बंद पडले होते. आधारशी एका वेळी एकच बँक सीड राहते, म्हणून ही स्थिती अर्ज भरण्याआधीच तपासावी आणि गरज पडल्यास बँकेत संमतीपत्र भरून द्यावे. आधार आणि गुणपत्रिका यांवरील नावातला फरकही तेव्हाच दुरुस्त करून घ्यावा.

अर्ज सादर झाला म्हणजे काम संपले असे नाही. तो आधी महाविद्यालयातील लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि पुढे संबंधित विभागाच्या कार्यालयात जातो, आणि कोणत्याही टप्प्यावर त्रुटीसाठी परत येऊ शकतो. परत आलेल्या अर्जाची शेरा-नोंद नीट वाचून, नेमका तोच कागद बदलून, मुदतीत पुन्हा पाठवावा. यासाठी आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करून स्थिती पाहावी. केवळ मोबाइलवर येणाऱ्या संदेशावर विसंबू नये. अर्ज मंजूर झाल्यावर पोर्टलवर रिडीमचा, म्हणजे मंजूर रक्कम खात्यात घेण्याचा पर्याय दिसत असेल, तर तो विद्यार्थ्यानेच वापरायचा असतो. अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि छापील प्रत कागदपत्रांसह महाविद्यालयाच्या कार्यालयात द्यावी, कारण पुढील वर्षी नूतनीकरणाचा अर्ज याच लॉगिनमधून भरावा लागतो.