कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घेताना या चुका टाळा

फोटो दोन ठिकाणी नीट पोचले आहेत हे तपासून मगच कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे रिकामं केलं, तर खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका निस्तरता येतात. न तपासता फॉरमॅट केलं, तर साधी चूकही कायमची होऊन बसते. म्हणून कामाचा क्रम आधी पक्का करा: कॉपी, तपासणी, दुसरी प्रत, मग नावं बदलणं, निवड, बॅच (अनेक फोटोंवर एकदमच तेच काम चालवणं) आणि सगळ्यात शेवटी फॉरमॅट.

कार्डावरून ‘कट’ करणं

कट-पेस्ट चालू असताना कार्ड रीडर (कार्ड संगणकाला जोडणारं छोटं यंत्र) हलला किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला, की काही फायली डिस्कवर, काही कार्डावर आणि एखादी अर्धवट अशी अवस्था होते. जागा रिकामी करायची घाई कितीही असली तरी नेहमी कॉपीच करा. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला छोटी खटकी असते. कॉपी करण्याआधी ती खाली, लॉकच्या बाजूला सरकवली तर चुकून काही डिलीट होण्याची भीती राहत नाही. कार्ड कॅमेऱ्यात परत घालताना ती वर करायला विसरू नका, नाहीतर ऐन वेळी कॅमेरा ‘कार्ड लॉक आहे’ म्हणून अडून बसेल.

फोटो वेचून घेऊ नका, डीसीआयएम हे कॅमेऱ्याने कार्डावर बनवलेलं फोटोंचं फोल्डर अख्खं उचला. काही कॅमेरे व्हिडिओ त्यात ठेवत नाहीत. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत ते ‘प्रायव्हेट’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. फक्त डीसीआयएम घेऊन कार्ड फॉरमॅट केलं की व्हिडिओ गेले.

कॅमेरा थेट केबलने जोडण्यापेक्षा कार्ड रीडर बरा. मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपण्याचा धोका राहत नाही आणि वेळही वाचतो. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०–४० एमबी इतकाच वेग मिळतो, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं करायला अर्धा तास. यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाची एक श्रेणी; यूएचएस-२ तिच्याहून वेगवान) कार्ड आणि चांगला यूएसबी ३ रीडर असेल तर तेच काम बारा-पंधरा मिनिटांत होतं. यूएचएस-२ कार्ड यूएचएस-१ रीडरमध्ये घातलं तर चालतं, पण यूएचएस-१ च्याच वेगाने. महागडं कार्ड घेऊनही कॉपी संथ होत असेल तर आधी रीडर बघा.

‘रिप्लेस’ की ‘स्किप’? दोन्ही नाही

कॅमेरा फाइलच्या नावात चारच आकडे वापरतो, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो पुन्हा ०००१ होतो. काही कॅमेऱ्यांत क्रमांकाची सेटिंग ‘ऑटो रीसेट’वर असते, तिथे तर प्रत्येक नव्या कार्डावर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे वापरले तर दोघांकडेही आयएमजी_००४२ असू शकतो. हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं, की संगणक विचारतो: या नावाची फाइल आधीच आहे, काय करू?

‘रिप्लेस’ दाबलं तर आधीचा फोटो जातो, हे सगळ्यांना कळतं. ‘स्किप’ सुरक्षित वाटतं, आणि खरी फसगत तिथेच होते. संगणक फक्त नाव सारखं आहे एवढंच बघतो. आतला फोटो पूर्णपणे वेगळा असला तरी ‘स्किप’मुळे तो कॉपीच होत नाही. कॉपी ‘यशस्वी’ दिसते, कार्ड फॉरमॅट होतं आणि त्या दिवसाचे पन्नास-साठ फोटो कुठेच उरत नाहीत. ही चूक वाईट, कारण ती महिन्याभराने लक्षात येते.

हा प्रश्न पडद्यावर आला तर कॉपी रद्द करा आणि त्या कार्डासाठी नवं, रिकामं फोल्डर बनवा. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर हाच नियम ठेवा: २०२४-०३-१७_विषय_कॅमेरा-ए_कार्ड-१. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहा. दिवस आधी लिहिला तर नावानुसार लावल्यावर मार्चची पहिली तारीख आणि एप्रिलची पहिली तारीख शेजारी येऊन बसतात. कॅमेऱ्यातलं क्रमांकाचं सेटिंगही ‘कंटिन्युअस’ करून टाका.

मोजताना चुकीचा आकडा बघणं

कॉपी झाल्यावर कार्डावरचं फोल्डर आणि डिस्कवरचं फोल्डर, दोन्हींवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फायलींची संख्या आणि बाइट्स जुळायला हवेत. बघायचं ते ‘साइज’, ‘साइज ऑन डिस्क’ नव्हे. मोठी कार्डं एक्सफॅट या साठवण-पद्धतीची असतात आणि जागा सहसा १२८ केबीच्या तुकड्यांत वाटतात. विंडोजची डिस्क सहसा ४ केबीच्या. त्यामुळे ८४२ फोटोंमागे ‘साइज ऑन डिस्क’मध्ये सुमारे ५० एमबीचा फरक सहज दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. ‘साइज’ मात्र शेवटच्या बाइटपर्यंत सारखी हवी.

मॅकवरून एक्सफॅट ड्राइव्हवर कॉपी केलेलं फोल्डर विंडोजवर उघडलं, की टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फायली दिसतात. नाव फोटोचं असतं, पण उघडत नाहीत. ते बिघडलेले फोटो नाहीत. मॅकने ठेवलेली जादा माहिती आहे. मोजताना त्या वगळा.

बाइट्स जुळले तरी आतला मजकूर बिघडलेला असू शकतो. त्यासाठी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासणारं साधन वापरा. टेराकॉपीसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिफाय’चा पर्याय असतो. थंबनेल बघून समाधान मानू नका. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेल्या मूळ फाइलमध्ये) एक छोटा जेपेग आधीच ठेवलेला असतो आणि थंबनेल त्याच्यावरून बनतं. मूळ डेटा खराब झाला तरी थंबनेल झक्क दिसतं. पूर्ण उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा किंवा जांभळ्या पट्ट्यांचा निघतो. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिळून दहा-बारा फोटो १०० टक्क्यांवर उघडून बघा. बिघाड दिसला तर दुसरा रीडर, दुसरं पोर्ट वापरून पुन्हा कॉपी करा. कार्ड अजून भरलेलं आहे म्हणूनच हे शक्य आहे.

यानंतर वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत. सिंक होणारं क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे डिलीट केलेलं तिथेही डिलीट होतं.

घड्याळ न जुळवता नावं बदलणं

दोन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार लावले आणि क्रम विस्कटला, तर कॅमेऱ्यांची घड्याळं वेगळी आहेत. शूटच्या सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांनी सेकंद दाखवणाऱ्या एकाच घड्याळाचा फोटो काढून ठेवा. समजा घड्याळात १०:१५:३० आहे आणि कॅमेरा-बीच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेल्या नोंदीत) १०:०८:१० आहे. म्हणजे बी ७ मिनिटं २० सेकंद मागे. एक्झिफटूल, डिजिकॅम किंवा लाइटरूममध्ये बीच्या सगळ्या फोटोंची वेळ तेवढीच पुढे सरकवा आणि मगच नावं बदला. उलट क्रमाने केलंत तर चुकीची वेळ नावातच छापली जाईल.

वेळ घ्यायची ती एक्झिफमधली ‘डेट टाइम ओरिजिनल’. फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख संपादन करून सेव्ह केलं की बदलते. नुसती वेळ नावात घालूनही भागत नाही: या नोंदीत सेकंदाखालचा भाग नसतो आणि बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग फोटो काढताना) एका सेकंदात दहा फोटो निघतात. म्हणून कॅमेऱ्याचं अक्षर आणि मूळ क्रमांक शेवटी ठेवा: २०२४०३१७_१०१५३०_बी_००४२.

रॉ आणि जेपेग जोडीने घेत असाल तर दोन्हींची नावं एकाच फेरीत बदला. एक्सएमपी ही संपादनाच्या नोंदी ठेवणारी जोडफाइलही बरोबर हवी. अडोबीचे प्रोग्रॅम आणि डार्कटेबल तिचं नाव थोडं वेगळं लिहितात, पण दोघेही नावावरूनच तिला ओळखतात. रॉचं नाव बदललं आणि तिचं राहिलं की केलेलं संपादन गायब दिसतं. लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर फोल्डर हलवणं, नाव बदलणं त्याच्या आतूनच करा. बाहेरून केलं तर फोटोवर उद्गारचिन्ह येतं. फोटो गेलेला नसतो, कॅटलॉगला (लाइटरूमच्या फोटोंच्या यादीला) पत्ता सापडत नसतो; फोल्डरवर राइट-क्लिक करून नवी जागा दाखवा. आणि कॅटलॉगचा बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप नाही, कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच.

बॅच मूळ फायलींवर चालवणं

इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची ‘मोग्रिफाय’ ही आज्ञा वेगळं फोल्डर सांगितलं नाही तर मूळ फाइलवरच लिहिते. ६००० × ४००० पिक्सेलचे आठशे फोटो १६०० पिक्सेलचे व्हायला काही मिनिटं लागतात आणि परतीचा रस्ता नसतो. इरफानव्ह्यू, एक्सएनकन्व्हर्ट, काहीही वापरा. आउटपुट फोल्डर वेगळं आहे ना, हे सुरू करण्याआधी वाचा. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केल्यानेही दर वेळी दर्जा घटतो, त्यामुळे प्रत्येक वेळी मूळ फाइलवरूनच नवी प्रत काढा.

आधी पाच फोटो निवडून चाचणी घ्या: सगळ्यात उजळ, सगळ्यात अंधारा, एक उभा, एक आडवा, एक जास्त आयएसओचा (कमी प्रकाशात संवेदनशीलता वाढवून काढलेला). आकार देताना ‘रुंदी’ऐवजी ‘लांब बाजू’ निवडा. रुंदी १६०० दिली तर उभा फोटो १६०० × २४०० होतो, आडवा १६०० × १०६७. लहान फोटो ताणले जाऊ नयेत म्हणून ‘मोठं करू नका’ या पर्यायावर खूण करा. शार्पनिंग (कडा ठळक करणं) आकार बदलल्यावर.

वेबवर रंग फिके दिसत असतील तर फोटो अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत असून ती पद्धत सांगणारं प्रोफाइल गळलं आहे. एक्सपोर्ट करताना एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत रूपांतर करा आणि प्रोफाइल फाइलमध्ये ठेवा. डीपीआयचा (छापताना एका इंचात किती ठिपके) आकडा ७२ वरून ३०० केल्याने फोटोत एकही पिक्सेल वाढत नाही. ६००० पिक्सेलची बाजू ३०० ने छापली की २० इंच, एवढाच त्याचा अर्थ. फोटो जाहीरपणे टाकायचे असतील तर जीपीएस नोंद काढून टाका.

एका फोटोची सेटिंग सगळ्यांना लावताना व्हाइट बॅलन्स एकाच प्रकाशातल्या फोटोंपुरता ठेवा. क्रॉप, मास्क आणि डाग काढणं यांच्या पर्यायांसमोरची खूण आधी काढा. नाहीतर एका चेहऱ्यावरचा डाग पुसणारा ठिपका पुढच्या फोटोत कुणाच्या तरी डोळ्यावर बसतो.

कार्ड फॉरमॅट होऊन गेलं असेल तर

त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. संगणकाने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाही म्हणा. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुतेक वेळा यादी पुसतं, डेटा तिथेच असतो. ‘लो लेव्हल’ (डेटाही पुसणारं) फॉरमॅट केलं असेल तर आशा फार कमी. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम कार्डावर चालवा आणि सापडलेल्या फायली संगणकाच्या डिस्कवर घ्या, त्याच कार्डावर कधीही नाही. एसएसडीवरून डिलीट झालेलं सहसा परत मिळत नाही, कारण ट्रिम या एसएसडीच्या सोयीमुळे ती जागा लगेच रिकामी केली जाते. त्यामुळे कार्ड हाताशी असेल तर आधी तेच तपासा.

फोटोरेकमधून आलेल्या फायलींना मूळ नावं नसतात, नुसते एफ आणि आकडे असतात. घाबरू नका. एक्झिफ आत शाबूत असतं. कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार त्या वेगळ्या करा, घड्याळाचा फरक दुरुस्त करा आणि ‘डेट टाइम ओरिजिनल’वरून नावं द्या. मूळ क्रमांक हाती नसल्यामुळे एकाच सेकंदातल्या फोटोंना शेवटी १, २, ३ असा आकडा जोडा.