पैलवानाला अंडी झाली : पाळीव कासवाच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या कासवाचं नाव पैलवान. पाच रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं पिल्लू आणलं होतं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात सगळीकडे मिळतं ते रेड-इअर्ड स्लायडर. सात वर्षांनी एका सकाळी टाकीचं पाणी गढूळ, तळाशी दोन फुटलेली लांबट अंडी, आणि पैलवान तिसरं खातोय. खातेय, म्हणायला हवं. घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: नर आणलाच नव्हता, मग अंडी कुठून?

कोंबडीसारखंच. मादी वयात आली की नर नसतानाही अंडी तयार होतात, फक्त ती फळत नाहीत. आणि पूर्वी कधी नराबरोबर राहिली असेल, तर त्याचं बीज शरीरात साठवून पुढे काही वर्षांनीही फळणारी अंडी देऊ शकते. त्यामुळे 'आमचं एकटंच आहे' ही खात्री कामाची नाही. नराच्या पुढच्या पायांची नखं चांगलीच लांब असतात आणि शेपूट जाड, लांब. मादीची नखं आखूड, अंग मोठं. पोटाकडचं कवच 15 सेंटिमीटरच्या पुढे गेलं आणि नखं आखूडच राहिली, की अंड्यांची तयारी करून ठेवा.

'अंडी दिसली की बघू'

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. अंडी दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. मादी जमीन शोधत असते. ती मिळाली नाही तर नाइलाजाने पाण्यात सोडते, नाहीतर पोटात धरून ठेवते. दुसरा प्रकार जिवावर बेततो. म्हणून मातीचं खोकं अंड्यांसाठी ठेवायचं नसतं, तिच्यासाठी ठेवायचं असतं. पिल्लं नको असली तरी खोकं हवंच.

आठ-दहा दिवस आधी वागणं बदलतं. टाकीच्या काचेवर सारखी धडपड, बाहेर यायची घाई, खाणं कमी, मागच्या पायांनी उकरल्यासारखं करणं. पैलवानने हे सगळं केलं होतं. आम्ही मात्र 'उन्हाळा आहे, पाणी गरम झालं असेल' म्हणून रोज पाणी बदलत बसलो.

माती चुकली की सगळं चुकलं

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते, पण मामा मदतीला आले. "पैलवानाला तालमीचीच माती पायजे की गं!" म्हणत पिशवीभर लाल माती घेऊन हजर. हौद्यातल्या त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू असं काय काय मुरवलेलं असतं. कुस्तीला उत्तम, कासवाला अजिबात नको. मामांचा चेहरा पडला, पण माती परत गेली.

नर्सरीतली तयार मातीही नको, तिच्यात शेणखत आणि रासायनिक खत असतं. नुसती काळी माती चिकटते आणि वाळली की भेगाळते. नुसती वाळू उकरली की ढासळते. खड्डा टिकत नाही म्हटल्यावर मादी दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून देते. दगड फोडून केलेली क्रश सँड तर टोकदार. आम्ही धुतलेली नदीची वाळू आणि खत न घातलेली साधी माती निम्मी-निम्मी घेतली. पाणी किती घालायचं? मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग त्यात बोट खुपसून बाहेर काढा. भोक तसंच उभं राहिलं, तर माती जमली.

थर निदान 25 ते 30 सेंटिमीटरचा हवा. बहुतेक जण इथेच कंजूषी करतात आणि चार बोटं माती पसरून वाट बघतात. ती मागच्या पायांनी जवळजवळ स्वतःच्या कवचाएवढा खोल खड्डा घेते, आणि नखांना प्लॅस्टिकचा तळ लागला की उठून जाते. टबची लांबी कवचाच्या चार-पाच पट ठेवा. मातीच्या वरही भिंत फूटभर राहू दे, नाहीतर रात्री कासव सोफ्याखाली सापडेल.

कोल्हापूरच्या पावसात गच्चीवर, शेडखाली ठेवलेली माती गारठते. जून ते सप्टेंबर टब घरातच घ्या आणि एका कोपऱ्यावर दिवा लावा. मातीचं तापमान 27 ते 30 अंशांच्या आसपास हवं.

घरभर जत्रा

पहिल्यांदा खोक्यात ठेवलं तेव्हा शेजारची चार पोरं, दोन मोबाईल आणि मी, असे सगळे डोकावत होतो. तिने मान आत ओढली ती ओढलीच. टबावर अर्धा कपडा टाका, सकाळ-संध्याकाळ एक-दोन तास एकटी सोडा, मग पाण्यात परत. उकरायला लागली असेल तर तिला उचलू नका, दिवाही लावू-बंद करू नका. टाकीत नर असेल तर तो वेगळा करा, नाहीतर तिची पाठ सोडत नाही.

खाणं

दुकानातल्या वाळलेल्या कोळंबीवर वाढलेल्या कासवाकडे कवच धरेल अशा अंड्यांसाठी कॅल्शियम पुरत नाही. टर्टल पेलेट, म्हणजे कासवांच्या तयार खाण्याच्या गोळ्या, मुख्य; जोडीला शेवग्याचा पाला, काट्यासकट लहान मासे, आणि पाण्यात तरंगत ठेवायला पोपटाला देतात ते समुद्रफेस. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. ऊन खिडकीच्या काचेतून आलं तर उपयोगाचं यूव्हीबी, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला हवे असतात ते उन्हातले किरण, काचेतच अडतं. सकाळचं कोवळं ऊन थेट द्या, अर्धा टब सावलीत ठेवून. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात विसरलेलं कासव शिजून मरतं. यात अतिशयोक्ती नाही.

अडकली तर

तरतरीत आहे, थोडं खाते, फक्त उकरते, तर काही दिवस थांबायला हरकत नाही. माझी मर्यादा दोन आठवडे, मग एक्स-रे. पण मलूल पडली, डोळे मिटून राहिली, मागचे पाय ओढते, कळा देऊनही काही येत नाही, किंवा शेपटीखाली लालसर मांसल भाग बाहेर आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. तो भाग ओल्या स्वच्छ कापडाने झाका, आत ढकलू नका. जाण्याआधी फोन करून विचारा की कासवं बघता का आणि एक्स-रे आहे का. सगळेच जनावरांचे डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत.

आमच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाल्या एरंडेल पाजा. म्हशी पाळणाऱ्या एका ओळखीच्यांनी तर पान्ह्याचं इंजेक्शन सुचवलं. गंमत म्हणजे ते ऑक्सिटोसिन कासवांनाही देतात, पण डॉक्टर देतात, अंडं वेडंवाकडं किंवा अडकलेलं नाही हे एक्स-रेत बघून. आडव्या बसलेल्या अंड्यावर कळा आणल्या तर आतच फुटतं. पोट दाबणं, दिसणारं अंडं ओढून काढणं, हेही तसंच.

अंड्यांचं काय

नराशी कधी संबंध आला नसेल, तर अंडी उबवण्यात अर्थ नाही. आला असेल तरी मी उबवू नका म्हणेन. एका वेळी पाच-पंधरा अंडी, वर्षात अनेकदा. एवढी पिल्लं कोण घेणार? हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. आपल्या पाण्यात सुटलं की स्थानिक कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. त्यामुळे 'रंकाळ्यात सोडून देऊ' हा पर्याय नाहीच, कळंबा आणि पंचगंगाही नाही. अंडी घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये वेगळ्या डब्यात एक-दोन दिवस ठेवा आणि मग टाका. हात साबणाने धुवा, टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो.

विहिरीत किंवा शेतात सापडलेलं मऊ पाठीचं कासव, किंवा पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव घरी असेल, तर प्रश्न अंड्यांचा नाही. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, पाळणं गुन्हा आहे. वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

पैलवानने दुसऱ्या वेळी मातीत सहा अंडी घातली आणि वरून माती ओढून घेतली. आम्ही खुशीत त्याच संध्याकाळी टब रिकामा करून धुऊन ठेवला. साडेतीन आठवड्यांनी ती पुन्हा काचेवर चढायला लागली. आता टब हॉलच्या कोपऱ्यात कायमचा असतो, आणि मातीवर दर दोन दिवसांनी पाणी शिंपडायचं काम मामांकडे आहे.